'डिस्ट' पुसून टाकलं तर?

वेब प्रकल्पातल्या फोल्डरांची मांडणी हा विषय निघाला की चर्चा हमखास नावांवर घसरते. 'डिस्ट' म्हणायचं की 'बिल्ड', 'कंपोनंट्स'च्या आत किती पातळ्या, चाचण्यांच्या फाइली कोडशेजारी की वेगळ्या. असल्या वादांना अंत नसतो, कारण कोणी हरलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. माझ्या मते विचारण्याजोगा प्रश्न एकच आहे: यातलं कुठलं फोल्डर आत्ता पुसलं तरी एका कमांडमध्ये जसंच्या तसं परत मिळेल? ज्या प्रकल्पात याचं उत्तर कोणीही न अडखळता देऊ शकतं, तिथली मांडणी चांगली. बाकी आवडीनिवडीचा भाग. पण हे उत्तर द्यायला वेबवाल्यांना फार वर्षं लागली, आणि त्याची कारणं इतिहासात आहेत.

नव्वदच्या दशकात प्रश्नच नव्हता. एचटीएमएल लिहायचं आणि एफटीपीने सर्व्हरवरच्या 'पब्लिक_एचटीएमएल' नाहीतर 'एचटीडॉक्स'मध्ये चढवायचं. शेजारी 'इमेजेस', पुढे 'सीएसएस' आणि 'जेएस'. आपल्या मशीनवर जे, तेच सर्व्हरवर, तेच ब्राउझरमध्ये. 'व्ह्यू सोर्स' दाबल्यावर जे दिसायचं ते कोणीतरी हाताने लिहिलेलं असायचं, आणि एक अख्खी पिढी ते बघून वेब शिकली.

वेबच्या बाहेर मात्र हा विषय जुना होता. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली 'मेक' लिहिलं तेव्हा सी भाषेच्या मूळ फाइलीशेजारीच तिची ऑब्जेक्ट फाइल पडायची. 'मेक क्लीन' हा त्या पसाऱ्यावरचा उतारा. एकाच कोडमधून वेगवेगळ्या यंत्रांसाठी बिल्ड करायची वेळ आली तेव्हा बिल्ड वेगळ्या फोल्डरात करायची रीत पडली, आणि सीमेक वापरणारे आजही तिच्याबद्दल आग्रही असतात. जावाच्या जगात मेव्हनने तर निवडीला जागाच ठेवली नाही: कोड 'एसआरसी/मेन/जावा'त, चाचण्या 'एसआरसी/टेस्ट/जावा'त, तयार माल 'टार्गेट'मध्ये. कोणाला पटो न पटो, जावावाल्याला नव्या कंपनीत पहिल्या दिवशी कुठे काय आहे हे विचारावं लागत नाही.

वेबवरची पहिली वाटणी सोर्स आणि बिल्ड अशी झालीच नाही. ती झाली जगाला दिसणारं आणि न दिसणारं अशी. पीएचपीच्या जुन्या प्रकल्पांत अख्खा कोड डॉक्युमेंट रूटमध्ये असायचा. डेटाबेसचा पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइलसुद्धा तिथेच. पीएचपीचं मॉड्यूल एखाद्या अपग्रेडमध्ये बंद पडलं की अपाची ती फाइल चालवण्याऐवजी सरळ वाचून दाखवायचा. पुढे गिट आलं आणि लोक सर्व्हरवरच 'गिट पुल' करू लागले, तेव्हा '.गिट' फोल्डर आणि '.एनव्ही' फाइल जगाला खुली राहण्याचा नवा प्रकार सुरू झाला. तो आजही सरसकट सापडतो. यावर फ्रेमवर्कांनी काढलेला तोडगा म्हणजे 'पब्लिक' नावाचं एकच फोल्डर सर्व्हरला दाखवायचं आणि बाकी सगळं त्याच्या वरच्या पातळीवर ठेवायचं. रेल्सने 2004 पासून हेच केलं, लॅराव्हेलने तेच घेतलं, सिम्फनीनेही 2017 च्या चौथ्या आवृत्तीत आपलं 'वेब' बदलून 'पब्लिक' केलं. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर डॉक्युमेंट रूट बदलता येत नाही म्हणून 'पब्लिक'मधलं सगळं उचलून वर आणायची युक्ती बरेच जण करतात. साइट चालते, आणि ज्यासाठी ते फोल्डर होतं तो हेतू तिथेच संपतो.

खरी गुंतागुंत कंपायलर आल्यावर झाली. सॅस 2006 मध्ये आलं, कॉफीस्क्रिप्ट 2009 च्या अखेरीस, नोड त्याच वर्षी. सुरुवातीला सॅसची फाइल आणि तिच्यातून निघालेली सीएसएस शेजारीशेजारी राहायच्या. त्यातून एक ठरलेला अपघात व्हायचा: घाईच्या दुरुस्तीत कोणीतरी सीएसएसमध्येच रंग बदलायचा, साइटवर तो दिसायचा, सगळे खूश. आठवड्याने दुसऱ्याने सॅस चालवलं की रंग पूर्ववत. चूक कोणाचीच धरता येत नसे, कारण यातली हात लावायची कुठली आणि न लावायची कुठली हे फोल्डर सांगत नव्हतं.

2012 च्या सुमारास ग्रंट आणि त्याच्या जोडीला योमन आलं. योमनच्या प्रकल्पात लिहायचा कोड 'ॲप'मध्ये, मधला कच्चा माल '.टीएमपी'मध्ये आणि सर्व्हरवर न्यायचा माल 'डिस्ट'मध्ये. वेबच्या पुढच्या बाजूला काम करणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ही तीन घरांची वाटणी पहिल्यांदा तिथे पाहिली. गल्प, ब्राउझरिफाय, वेबपॅक हे सगळे त्याच वाटेने गेले. वेबपॅकच्या फेब्रुवारी 2018 च्या चौथ्या आवृत्तीने तर कॉन्फिग फाइलच ऐच्छिक केली: काही सांगितलं नाही तर 'एसआरसी/इंडेक्स.जेएस' वाचायचं आणि 'डिस्ट/मेन.जेएस' लिहायचं. मेव्हनची शिस्त वेबवर बऱ्याच वर्षांनी आली, तीही सक्ती म्हणून नाही.

सक्ती नव्हती म्हणून नावांचा बाजार भरला. अँग्युलर, व्हीट, ॲस्ट्रो 'डिस्ट' म्हणतात. क्रिएट रिॲक्ट ॲपने 'बिल्ड' म्हटलं. जेकिल आणि इलेव्हन्टी 'अंडरस्कोर साइट' लिहितात. नेक्स्ट सगळं '.नेक्स्ट'मध्ये ठेवतो आणि नुसती स्थिर साइट मागितली तर 'आउट' देतो. नक्स्टमध्ये मधला माल '.नक्स्ट', शेवटचा '.आउटपुट'. इथवर ठीक आहे, एकदा पाहून लक्षात राहतं. खरा घोळ 'पब्लिक'चा. व्हीट, नेक्स्ट, क्रिएट रिॲक्ट ॲप यांच्यात 'पब्लिक' हे आपण भरायचं फोल्डर: फेव्हिकॉन, रोबोट्स.टीएक्सटी, जशाच्या तशा जायच्या फाइली. ह्यूगो आणि गॅट्सबीत मात्र 'पब्लिक' हे साधनाने भरायचं फोल्डर, आणि आपल्या फाइली 'स्टॅटिक'मध्ये जातात. एका ठिकाणी गिटमध्ये जायलाच हवं ते दुसऱ्या ठिकाणी गिटमध्ये जाताच कामा नये. गिटहब नोड प्रकल्पांसाठी जो गिटइग्नोरचा नमुना देतं त्यात 'पब्लिक'ची ओळ म्हणूनच निष्क्रिय करून ठेवलेली आहे, वर सूचना की गॅट्सबी असेल आणि नेक्स्ट नसेल तरच ही सुरू करा. गिटलॅब पेजेसने वर्षानुवर्षं तयार साइट 'पब्लिक'मध्येच मागितली, त्यामुळे व्हीटचा प्रकल्प तिथे टाकणाऱ्याला आउटपुटचं नाव तरी बदलावं लागायचं किंवा भरलेल्या 'पब्लिक'वर दुसरं 'पब्लिक' तरी ठेवावं लागायचं. लॅराव्हेलमध्ये याहून मजेदार: तिथे व्हीटचं आउटपुट 'पब्लिक/बिल्ड'मध्ये जातं, म्हणजे हाताने भरायच्या फोल्डरच्या पोटात यंत्राने भरायचं फोल्डर, आणि गिटइग्नोरमध्ये त्या आतल्यापुरती ओळ.

दोन नाही, चार

सोर्स आणि बिल्ड अशी दोनच खाती धरली की हा घोळ सुटत नाही, कारण खाती चार आहेत. एक, जे माणसं लिहितात आणि साधन बदलून पुढे देतं. दोन, जे माणसं ठेवतात आणि साधन नुसतं नकलून देतं. तीन, जे साधन बनवतं. चार, साधनाने स्वतःच्या सोयीसाठी साठवलेलं, म्हणजे कॅश. पहिली दोन गिटमध्ये, पुढची दोन नाहीत. एवढं झालं तरी निम्मं काम झालं.

दुसऱ्या खात्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. व्हीटमध्ये एखादं चित्र 'एसआरसी'मध्ये ठेवून कोडमधून आयात केलं तर बिल्ड त्याच्या नावाला मजकुराचा हॅश जोडतं, चित्र सापडलं नाही तर बिल्ड तिथेच थांबतं, आणि कोणी वापरत नसेल तर ते आउटपुटमध्ये येतही नाही. तेच चित्र 'पब्लिक'मध्ये ठेवलं तर यातलं काहीही होत नाही. नाव चुकलं तर ते साइट उघडणाऱ्याला कळतं. ज्या फाइलीचा पत्ता बाहेरच्या जगाने ठरवला आहे, जसं रोबोट्स.टीएक्सटी, तेवढीच 'पब्लिक'मध्ये हवी. प्रत्यक्षात ते फोल्डर म्हणजे अडगळीची खोली होते: जुने लोगो, कधीच्या जाहिरातीचे बॅनर, आणि 'नको असेल तर काढू' म्हणून ठेवलेली पीडीएफ.

मराठी साइटवर तिथे एक खास पाहुणा असतो, तो म्हणजे देवनागरी फॉन्ट. मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्त' किंवा 'बालू' हे फॉन्ट घ्या. मूळ फाइल मोठी, म्हणून लागणारी अक्षरंच ठेवून तिची छोटी प्रत करतात. ही छोटी प्रत 'पब्लिक/फॉन्ट्स'मध्ये ठेवली जाते आणि सगळे तिला सोर्स समजतात. ती कुठल्या आज्ञेने, कुठल्या मूळ फाइलीतून काढली हे कुठेच लिहिलेलं नसतं. वर्षाने एखादं जोडाक्षर तुटलेलं दिसतं, कारण कापताना जोडाक्षरांचे नियम किंवा त्यांची चिन्हं गळाली, आणि तेव्हा परत करायला हातात काही नसतं. ज्याने ती प्रत काढली त्याने ती एका ओळीची स्क्रिप्ट प्रकल्पात ठेवली असती तर काम भागलं असतं.

टाइपस्क्रिप्टची एक खोडी

टाइपस्क्रिप्ट 2012 मध्ये जगासमोर आलं आणि त्याचा कंपायलर आजही काही न सांगता चालवला तर जुन्या सॅससारखंच वागतो: टीएस फाइलीशेजारीच जेएस टाकतो. म्हणून सगळे 'आउटडिर'मध्ये 'डिस्ट' लिहितात. 'रूटडिर' लिहायचा मात्र पुष्कळांना कंटाळा. इथून पुढची गोष्ट मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की ती तपशिलात सांगायला हवी.

कोड सगळा 'एसआरसी'मध्ये आहे. 'एसआरसी/इंडेक्स.टीएस'मधून 'डिस्ट/इंडेक्स.जेएस' निघते, पॅकेज.जेसनमध्ये तोच पत्ता आहे, सर्व्हर तीच फाइल चालवतो. एके दिवशी कोणाला तरी 'अबाउट' पानावर आवृत्तीचा क्रमांक दाखवायचा असतो, म्हणून तो कोडमधून एक पातळी वरची पॅकेज.जेसन आयात करतो. 'रूटडिर' सांगितलेला नसेल तर वर्षानुवर्षांच्या पद्धतीप्रमाणे कंपायलर सगळ्या फाइलींचं सामाईक मूळ स्वतः शोधतो. आता ते 'एसआरसी' राहिलेलं नसतं, प्रकल्पाचं मुख्य फोल्डर झालेलं असतं. त्यामुळे पुढच्या बिल्डमध्ये माल 'डिस्ट/एसआरसी/इंडेक्स.जेएस' इथे जातो. कुठलीही तक्रार नाही, कुठलाही इशारा नाही.

गंमत पुढे आहे. कंपायलर जुनं काही पुसत नाही. म्हणून ज्याने बदल केला त्याच्या मशीनवर कालची 'डिस्ट/इंडेक्स.जेएस' तशीच पडलेली असते, सर्व्हर तिच्यावर आरामात चालू होतो, आणि केलेला बदल दिसत का नाही म्हणून तो तासभर ब्राउझरची कॅश साफ करत बसतो. तिकडे सीआयवर बिल्ड कोऱ्या फोल्डरात होतं, तिथे जुनी फाइल नसते, आणि मॉड्यूल सापडत नाही म्हणून डिप्लॉय आपटतं. 'माझ्याकडे चालतंय' हे वाक्य अशा वेळी अक्षरशः खरं असतं. 'रूटडिर' स्पष्ट 'एसआरसी' लिहिला असता तर बाहेरची फाइल आयात करताक्षणी कंपायलरनेच अडवलं असतं.

न पुसलेल्या फाइलींचा याहून वाईट प्रकार डेटाबेसशी जोडलेला आहे. काही साधनं एका फोल्डरमधल्या सगळ्या मायग्रेशन फाइली वाचून क्रमाने चालवतात, आणि तो पत्ता बहुधा 'डिस्ट/मायग्रेशन्स'चा असतो. सहकाऱ्याची ब्रांच तपासायला घेतली, बिल्ड केलं, परत आपल्या ब्रांचवर आलात. गिटने त्याची टीएस फाइल नेली, पण तिची जेएस 'डिस्ट'मध्ये राहिली, कारण गिट तिकडे बघतच नाही. पुढच्या वेळी सर्व्हर चालू करताच त्याचा अर्धवट मायग्रेशन तुमच्या डेटाबेसवर चालतो.

उपाय सोपा वाटतो: प्रत्येक बिल्डआधी 'डिस्ट' पुसा. त्यातही एक मेख आहे. वाढीव बिल्ड चालू असेल तर टाइपस्क्रिप्ट 'टीएसबिल्डइन्फो' नावाची वही ठेवतं, आणि 'रूटडिर' 'एसआरसी' असेल तर ही वही 'डिस्ट'मध्ये न पडता प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरात पडते. आपण 'डिस्ट' पुसतो, वही राहते, कंपायलर वही वाचून म्हणतो की काहीच बदललेलं नाही, आणि 'डिस्ट' रिकामं राहतं. म्हणजे तिसरं खातं पुसताना चौथंही पुसायला हवं, किंवा वही 'डिस्ट'च्या आत ठेवायला सांगायला हवं. व्हीट या बाबतीत सावध आहे: आउटपुट प्रकल्पाच्या आत असेल तर ते आपणहून रिकामं करतं, बाहेर असेल तर न पुसता नुसता इशारा देतं, कारण बाहेरच्या फोल्डरमध्ये तुमचं आणखी काय असेल ते त्याला माहीत नाही. 'गिट क्लीन'ने इग्नोर केलेलं सगळं एकदम उडवणाऱ्यांनीही हा सावधपणा घ्यावा. त्यात 'डिस्ट' जातं आणि कुठेही प्रत नसलेली '.एनव्ही'सुद्धा जाते.

बनलेला माल गिटमध्ये?

नियम सांगतो की ठेवू नये. मिनिफाय केलेल्या एका ओळीच्या फाइलीत दोन ब्रांच भिडल्या की तो संघर्ष माणसाने सोडवायचा नसतोच, पुन्हा बिल्ड करायचं असतं. आणि प्रत्येक कमिटमध्ये बदललेल्या हजारो अक्षरांमुळे खरा तीन ओळींचा बदल शोधावा लागतो. तरीही बूटस्ट्रॅपच्या रेपोमध्ये 'डिस्ट' आहे, थ्री.जेएसच्या रेपोमध्ये 'बिल्ड' आहे. हे आळसातून आलेलं नाही. बोवरच्या काळात ब्राउझरची पॅकेजं सरळ गिटमधून उचलली जायची, त्यामुळे गिटमध्ये जे नाही ते वापरणाऱ्याला मिळायचंच नाही. गिटहब ॲक्शन्सचं आजही तसंच आहे: जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली ॲक्शन रेपोमधून थेट चालते, म्हणून तिचं 'डिस्ट' कमिट करावं लागतं. गिटहबच्याच नमुना प्रकल्पात त्यासाठी 'चेक-डिस्ट' नावाची तपासणी आहे. ती 'डिस्ट' नव्याने बनवते, कमिट केलेल्याशी ताडून पाहते आणि फरक निघाला तर नापास करते. ठेवायचंच असेल तर ते अशा पहाऱ्यात ठेवावं.

वर्डप्रेसने तिसरा मार्ग काढला. विकासाच्या रेपोमध्ये 'एसआरसी' आणि त्यातून 'बिल्ड', आणि बनलेला माल ठेवायला रेपोच वेगळा. ज्याला वाचायचं त्याने एकीकडे जावं, ज्याला बसवायचं त्याने दुसरीकडे.

एनपीएमवर प्रश्न उलटा होतो, कारण तिथे बनलेला मालच न्यायचा असतो. 'डिस्ट' गिटइग्नोरमध्ये आहे, पॅकेज.जेसनमध्ये 'फाइल्स'ची यादी नाही, वेगळी एनपीएमइग्नोर फाइलही नाही, अशा वेळी एनपीएम गिटइग्नोरच प्रमाण मानतं. परिणाम असा की 'एसआरसी' जातं, चाचण्या जातात, आणि ज्यासाठी पॅकेज काढलं ते 'डिस्ट' जवळजवळ सगळं मागे राहतं. 'एनपीएम पॅक'ला 'ड्राय-रन' जोडून चालवलं की काय जाणार ते डोळ्यांनी दिसतं.

पण या सगळ्यात गंभीर बाब विश्वासाची आहे. लोक सोर्स वाचतात आणि बिल्ड चालवतात; दोन्ही एकच आहेत हे गृहीत धरलेलं असतं. नोव्हेंबर 2018 मध्ये उघड झालं की 'इव्हेंट-स्ट्रीम' या लोकप्रिय पॅकेजच्या आतून 'फ्लॅटमॅप-स्ट्रीम' नावाचं दुसरं पॅकेज आणलं गेलं होतं, आणि त्यातला बिटकॉइनच्या पाकिटांवर डोळा ठेवणारा कोड फक्त एनपीएमवरच्या मिनिफाय केलेल्या फाइलीत होता. गिटहबवरचा सोर्स निर्मळ होता. मार्च 2024 मध्ये एक्सझेड युटिल्सच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत आंद्रेस फ्रॉइंड यांना मागचं दार सापडलं, तेव्हा ते उघडणारी बिल्डची फाइल प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये होती, गिटच्या रेपोमध्ये नव्हती. दुसरी घटना वेबची नाही, पण फट तीच. मोझिला म्हणूनच फायरफॉक्सच्या एक्स्टेन्शनचा कोड बंडल केलेला असेल तर मूळ सोर्स आणि बिल्डची कृती मागतं, म्हणजे तपासणाऱ्याला तोच माल पुन्हा बनवून पाहता येतो. वर्डप्रेसच्या प्लगिन डिरेक्टरीचा नियमही सोर्स उपलब्ध ठेवा असाच. एनपीएमने 2023 पासून हे पॅकेज कुठल्या रेपोच्या कुठल्या कमिटमधून बनलं याचा सहीसकट दाखला देण्याची सोय केली. ती अजून सगळे वापरत नाहीत.

सर्व्हरवर पुसू नका

घरच्या मशीनवर आउटपुट पुसणं जितकं चांगलं, तितकंच सर्व्हरवर ते महागात पडू शकतं. आजची बिल्ड साधनं फाइलीच्या नावात हॅश घालतात, आणि त्या फाइलींना 3,15,36,000 सेकंद, म्हणजे वर्षभर, कॅशमध्ये राहायला सांगता येतं. फक्त इंडेक्स.एचटीएमएल दर वेळी ताजी मागवायची. आता कोणीतरी सकाळी साइट उघडून टॅब तसाच ठेवला आहे. दुपारी तुम्ही नवं बिल्ड चढवलंत आणि जुनं पुसलंत. संध्याकाळी त्या टॅबमध्ये त्याने 'पैसे भरा' दाबलं. त्या पानाचा कोड वेगळ्या तुकड्यात आहे, त्याचं नाव सकाळचं आहे, आणि ती फाइल आता नाही. पांढरा पडदा. डेव्हलपरला हे कधी दिसत नाही, कारण तो सारखा रिफ्रेश करत असतो.

त्यामुळे सर्व्हरवर हॅशवाल्या जुन्या फाइली काही दिवस राहू द्याव्यात. रेल्सवाल्यांनी हे लवकर ओळखलं: तिथे ॲसेट्स साफ करायच्या दोन आज्ञा आहेत, 'क्लीन' मागच्या काही आवृत्त्या राखते आणि 'क्लॉबर' सगळंच उडवते. कॅपिस्ट्रानोने डिप्लॉयसाठी 'रिलीजेस' फोल्डरात प्रत्येक आवृत्ती वेगळी ठेवून 'करंट' नावाची सिमलिंक फिरवायची पद्धत रुळवली. मागची आवृत्ती परत आणायची तर लिंक मागे फिरवायची. डॉकरने 2017 च्या 17.05 आवृत्तीत बहुटप्पी बिल्ड आणलं आणि आपला विषय एका अंगाने निकालात निघाला: पहिल्या टप्प्यात सोर्स, नोड मॉड्यूल्स, कंपायलर सगळं येतं, दुसऱ्या टप्प्यात नुसतं एनजिनएक्स आणि पहिल्यातून नकललेलं 'डिस्ट'. सोर्स सर्व्हरवर पोचतच नाही, मग तो उघडा पडण्याचा प्रश्नही येत नाही. सोर्स मॅप मात्र 'डिस्ट'मध्ये असतील तर त्यांच्या पोटात अख्खा मूळ कोड असू शकतो, तेवढं पाहून घ्यावं.

'एसआरसी'च्या आतल्या मांडणीवर इतकं लिहून झालंय की मी दोनच वाक्यं खर्च करतो. फाइलींच्या प्रकाराप्रमाणे फोल्डर करण्यापेक्षा कामाप्रमाणे केलेली बरी, रिडक्सची अधिकृत कागदपत्रंही तेच सुचवतात. आणि वीस फाइलींच्या प्रकल्पात काहीही केलं तरी चालतं. नावांबद्दल मात्र सांगण्यासारखं आहे. विंडोज आणि मॅक 'Header' आणि 'header'मधला लहान-मोठ्या लिपीचा फरक मानत नाहीत, लिनक्स मानतं, आणि सर्व्हर बहुधा लिनक्सचा असतो.

मराठी साइट स्थिर पानांची असेल आणि पत्ते देवनागरीत हवे असतील तर आउटपुट फोल्डरात आणखी दोन अडचणी येतात. लिनक्सवर फाइलीच्या नावाची मर्यादा 255 बाइट, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, काने-मात्रे धरून 85 चिन्हं झाली की संपलं. वर्तमानपत्री मथळा त्यात मावेलच असं नाही. दुसरी अडचण 'ऱ'ची. 'दुसऱ्या'मधला हा ऱ युनिकोडमध्ये एक चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि साधा र अधिक नुक्ता असाही. मॅकला ही दोन्ही नावं एकच वाटतात, लिनक्सला वेगळी. मॅकवर बनलेलं पान सर्व्हरवर सापडत नाही आणि दोन्ही नावं डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसतात. बिल्डच्या वेळीच नाव युनिकोडच्या एनएफसी रूपात आणलं की ही ब्याद टळते.

अनेक पॅकेजं एकाच रेपोमध्ये ठेवणाऱ्यांना चार खात्यांचा हिशोब लेखीच द्यावा लागतो. टर्बोरेपोला प्रत्येक कामाचं आउटपुट कुठे पडतं याची यादी द्यायची असते, त्यावरून ते कॅश करतं. यादीत 'डिस्ट' लिहायचं राहिलं तर 'डिस्ट' पुसल्यावर दुसऱ्यांदा बिल्ड क्षणात यशस्वी होतं, हिरवी टिकमार्क येते, आणि फोल्डर रिकामं असतं. नेक्स्टसाठी '.नेक्स्ट' लिहावं लागतं पण त्यातलं 'कॅश' वगळावं लागतं, म्हणजे तिसरं आणि चौथं खातं एकाच फोल्डरात कोंबलेलं निस्तरावं लागतं. गुगलने 2015 मध्ये खुलं केलेलं बेझल याच्या दुसऱ्या टोकाला आहे: तिथे आउटपुट सोर्सच्या झाडात पडतच नाही, बाहेर पडतं, आणि आत दिसतात त्या नुसत्या सिमलिंक. छोट्या वेब टीमला एवढा कडकपणा झेपत नाही, मी सुचवणारही नाही.

सगळ्यात न सुटलेला प्रकार म्हणजे बनलेला सोर्स. डेटाबेसच्या आराखड्यावरून किंवा ग्राफक्यूएलच्या स्कीमावरून निघालेला टाइपस्क्रिप्ट कोड यंत्राने बनवलेला असतो, पण तो आपल्या कोडमधून आयात करावा लागतो आणि पुढे त्याचंही बिल्ड होतं. प्रिझ्मा हा कोड पूर्वी नोड मॉड्यूल्सच्या आत लपवायचा. नव्या जनरेटरने तो कुठे पाडायचा हे स्पष्ट सांगायला लावलं, आणि लोकांच्या 'एसआरसी'मध्ये 'जनरेटेड' नावाचं फोल्डर दिसू लागलं. ते गिटमध्ये ठेवलं तर नव्या माणसाला क्लोन केल्याबरोबर एडिटरमध्ये लाल रेघा दिसत नाहीत. नाही ठेवलं तर आराखडा आणि कोड यांत तफावत पडत नाही. मी नाही ठेवण्याच्या बाजूचा आहे, पण इन्स्टॉलनंतर ते आपोआप बनेल अशी सोय असेल तरच.

आणि आता खुद्द तिसरं खातंच काही ठिकाणी आटतं आहे. डेनो 2020 पासून टाइपस्क्रिप्ट थेट चालवतं. नोडने जानेवारी 2025 च्या 23.6 मध्ये, आणि पुढे 22.18 मध्ये, टाइपस्क्रिप्टमधले टाइप गाळून फाइल तशीच चालवायची सोय कुठलाही झेंडा न लावता सुरू केली. ईनमसारख्या, ज्यांना नुसतं गाळून भागत नाही अशा गोष्टी त्यात चालत नाहीत, आयात करताना पूर्ण एक्स्टेन्शन लिहावं लागतं, पण एवढं पाळलं तर सर्व्हरच्या कोडला 'डिस्ट' लागत नाही, आणि वर सांगितलेल्या मायग्रेशनसारख्या गोष्टी घडायलाच जागा राहत नाही. नोडने एक रेघ मात्र ओढून ठेवली आहे: नोड मॉड्यूल्समधल्या टाइपस्क्रिप्ट फाइली तो चालवायला नकार देतो, म्हणजे पॅकेज प्रसिद्ध करणाऱ्यांनी बनलेली जावास्क्रिप्टच द्यायची. ब्राउझरसाठीही बंडल, हॅश, मिनिफाय हे सगळं अजून लागतंच. त्यामुळे पुढची काही वर्षं एकाच रेपोमध्ये एक 'डिस्ट' नसलेलं सर्व्हरचं फोल्डर आणि शेजारी 'डिस्ट' असलेलं ब्राउझरचं फोल्डर, असं चित्र नेहमीचं होणार.